गंगूच्या आवाजाची राखण

शरमेची गोष्ट आहे, पण माझ्याच तोंडून ऐका. गंगूकडून ऐकाल तर तिखटमीठ जास्त लागेल.

गंगू माझी शेजारीण, टोपल्या विणणारी. टेंभुर्णीत घडाघडा कैकाडी बोलणाऱ्या ती आणि तिची बहीण, दोघीच उरल्या. पोरंसोरं सगळी मराठीवर आली. म्हणून परतूरची एक पोरगी तिची भाषा रेकॉर्ड करायला आली, तर मी गंगूच्या दारातच आडवी झाले. शाळेचं तोंड न पाहता चाळिशीत अक्षरं शिकलेली बाई मी. मला कोण फसवणार?

"आधी इचारलं का तिला? आवाज नेशील, मंग ठेवशील कुठं? ऐकणार कोण?"

पोरीनं शांतपणे मराठीतला कागद काढून वाचला. गंगूला नको असेल ते पुसायचं, एक प्रत गावात ठेवायची, तिला विचारल्याबिगर कुणाला द्यायचं नाही.

"बराबर," मी म्हणाले. "न इचारता दुसऱ्याचा आवाज उचलणं ही चोरीच."

"तशी एक चोरी झालीय, आजी. ती ऐकूनच मी हुडकत आले."

तिनं मोबाइल लावला. गंगूचा आवाज, बहिणीचं हसणं, आणि मधेच माझा खोकला!

मी दारातून बाजूला झाले. उन्हाळ्यात दोघी विणत बसल्या होत्या, तेव्हा त्यांची बोली न कळताच मी गुपचूप रेकॉर्ड करून 'आपल्या गावचा ठेवा, जुनी कथा' असं लिहून बायकांच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथून ते कुठवर गेलं, मला काय पत्ता?

गंगूनं हातातली काडी खाली ठेवली. "तू? तीस वर्सं माझ्या वट्ट्यावर बसती, अन् मला इचारलं न्हाई?"

आता ही मला वट्टा चढू देत नाही, एवढं कळलं. "पुसून टाक, पोरी," कसंबसं म्हणाले.

पोरगी ओठ दाबून हसत होती. "माझ्या आईची भाषा हीच, आजी. आमच्या घरी सगळ्यांना पाठ झालंय हे. पण ती कथा न्हाई. 'आमची शेजारीण गावाला शहाणपण शिकवती अन् सोताची भाकर रोज करपवती,' असं गंगूमावशी बहिणीला सांगून राह्यल्या."

गंगूनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पुसायचं न्हाई. हेच पहिलं ठेव. माझं नाव टाक."

"ठेवते. पण यात आजींचा खोकला हाय. त्यांची बी मंजुरी लागंल." पोरीनं कागद माझ्याकडं सरकवला.

गंगू बघत राहिली. मी सही केली. तिची भाषा टिकेल तोवर माझी करपलेली भाकर टिकणार, तीही माझ्या सहीनिशी.