सातवी सुपारी

गोपीनाथरावांना युरोपने म्हातारं केलं, असं त्यांची बायको मृणालिनी म्हणे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. बनारसच्या एका कॉलेजात ते युरोपीय संघ शिकवत. या विषयाचं पुस्तक हाती येईतो शिळं होई. अठ्ठावीस देश म्हणून मुलांकडून घोकून घ्यावं, तर त्यातला एक काडीमोड घेऊन चालता होई. निर्वासित कोणी किती घ्यायचे यावर एकदाची तोड निघाली म्हणावं, तर सरहद्दींवर पुन्हा चौक्या बसत. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ब्रुसेल्सच्या रस्त्यावर उतरले की फवारणीचे कडक नियम मऊ पडत. युक्रेन दारात उभा, बाल्कनातले काही देश त्याच्याही आधीपासून ताटकळत, आणि आतले लोक पानावर सरकून बसायला तयार नाहीत. त्यात परराष्ट्राची मोठी गोष्ट ठरवायची तर सत्तावीसच्या सत्तावीस माना हलाव्या लागतात. एक मान ताठ राहिली की घोंगडं भिजत पडलंच. बरं, हा नियमच बदलू म्हटलं, तर त्यालाही सगळ्यांची संमती हवी.

हे समजायला गोपीनाथरावांना ब्रुसेल्सला जावं लागलं नाही. घरोघरी मातीच्या चुली.

त्यांच्या रामघाटावर सात जुन्या मराठी घरांची एक सभा होती. गणपतीचा उत्सव, यात्रेकरूंच्या खोल्या, पावसाळ्यानंतर घाटाकडच्या पायऱ्यांवरचा गाळ, असलं सगळं ती बघे. ठराव आला की मध्ये ताम्हन ठेवायचं, त्यावर उपरणं पांघरायचं आणि प्रत्येक घराने कपड्याखाली हात घालून एक सुपारी टाकायची. सात पडल्या तर ठराव पास. सहा पडल्या तर बारगळला, आणि कोणाची पडली नाही हे विचारायचं नाही. विचारायची गरजही नसे. सातांतल्या एका घरच्या ढुंढिराजशास्त्र्यांनी खोल्यांच्या रंगापासून मोदकांच्या सारणापर्यंत सगळ्याला आयुष्यभर आडवा पाय घातला होता. बहुमताने ठरवू या, असा ठराव गोपीनाथरावांनी एकदा आणून पाहिला. तोही सुपारीवरच आपटला.

वडिलांमागून गोपीनाथराव या सभेचे चिटणीस झाले आणि अडकले. चिटणीसाने काशी सोडायची नाही, सोडायची तर सातही घरांनी मोकळं करायला हवं. त्यात सुटका मागणाऱ्याचीही सुपारी लागे. न जाणो, रागाच्या भरात मागितली असेल. शहाणे होते पूर्वज. मृणालिनीचे गुडघे पार गेले होते. गल्लीच्या पायऱ्या तिला भिंत धरून उतराव्या लागत. पुण्याला लेक ऋता होती, तिने डॉक्टर बघून ठेवला होता, दोघांनी कायमचं तिकडेच यावं असं तिचं म्हणणं होतं. दोन वर्षं ठराव आला, दोन्ही वर्षं एक सुपारी कमी पडली. कायद्याने त्यांना कोणी अडवलं नसतं. कुलूप लावून निघता आलं असतं, पण चिटणीस होताना दिलेला शब्द मोडून जायचं त्यांच्याने होईना, आणि नवऱ्याला सोडून जायचं मृणालिनीच्याने होईना. यंदा मात्र तिने न विचारता बॅग भरली होती.

सभेच्याच दिवशी सकाळी त्यांचा कॉलेजातला शेवटचा तास होता. हिमानी नावाची एक मुलगी सहसा बोलत नसे, ती उठली. "सर, जब हर बात पर कोई एक अड़ ही जाता है, तो ये लोग वीटो छोड़ क्यों नहीं देते?"

गोपीनाथराव खुर्चीत बसले. "बेटा, छोटे घर को और कब पूछता है कोई?" ते म्हणाले. "जिस दिन छोड़ देगा, उस दिन से उसके दरवाज़े पर कोई मनाने भी नहीं आएगा।"

मुलांनी लिहून घेतलं. तास संपला, एक हार आणि एक शाल मिळाली, आणि दुपारी घरी परतताना गोपीनाथरावांच्या ध्यानात आलं की उद्यापासून आपल्याला सर म्हणणारं कोणी नाही.

संध्याकाळी सभा भरली, सुटकेचा ठराव तिसऱ्यांदा आला. एकेक हात उपरण्याखाली जाऊन आला. शेवटचा गोपीनाथरावांचा. बोटांना आतल्या सुपाऱ्या लागल्या. त्यांनी चाचपून पाहिल्या. सहाच्या सहा होत्या, म्हणजे शास्त्र्यांचीसुद्धा. आता आपण मूठ उघडली की झालं. उद्या गाळाचं विचारायला कोणी येणार नाही, गणपतीच्या मूर्तीचं विचारायला कोणी येणार नाही. पुण्यात तर ऋताच्या शेजाऱ्यांना आपलं नावही माहीत नाही. त्यांना भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी. हात बाहेर आला तो मिटलेलाच.

उपरणं काढलं. ताम्हनात सहा सुपाऱ्या होत्या. सगळ्यांच्या माना सवयीने ढुंढिराजशास्त्र्यांकडे वळल्या. म्हाताऱ्याने तोंड उघडलं, गोपीनाथरावांच्या मुठीकडे बघितलं आणि परत मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो माणूस वाद न घालता उठला.

पायऱ्यांवर त्याने गोपीनाथरावांना गाठलं. "गोपीनाथ, मागल्या दोन्ही साली मी नाही ठेवली, कबूल. तू गेल्यावर भांडायचं कोणाशी? पण या साली ठेवली होती हं. मृणालिनीची तकलीफ बघवत नाही आता."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"माझी बदनामी पुरानी आहे. आणखी एकाने काय फरक पडतो. तू घरी जा."

गोपीनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मृणालिनी दाराशी बॅगेवरच बसली होती. त्यांचं तोंड बघून तिला कळलं. "शास्त्री पुन्हा अडले ना?"

हो म्हणणं सोपं होतं. शास्त्र्यांनी तेवढी सोय करून ठेवली होती. गोपीनाथरावांनी तिच्यापुढे मूठ उघडली. घामाने सुपारी काळपट झाली होती.

तिने ती उचलली आणि पदराने पुसली.

"तुमचं समजलं मला," ती म्हणाली. "पण पुढल्या सालापर्यंत माझ्या गुडघ्यांना काय सांगू, तेवढं सांगा."

तिने भिंतीला हात लावला आणि उठायला लागली. ते धरायला पुढे झाले, तर तिने त्यांचा हात बाजूला केला.