टोपल्याखालची चाकोरी

पारबताकाकूच्या नातवाचा फोन आला तवा मी अंगनात तुरीची दाय निवडत होती. गौतमनं, माह्या पोरानं, फोन माह्या कानाले लावला. "आजी गेली वो. सकायी चा पेली अन मान टाकली..." मी म्हनलं, बरं. सुपातली दाय पुरी निवडली, मंग उठली. रडू नाही आलं. नव्वदीच्या वरची बाई, चा पिऊन गेली, तिच्यासाठी काय रडाव... पन तेरवीहून आल्यावर गौतम म्हने, "माय, तिचं पेपरात आलं पायजे. तू सांग, मी लिवतो." मले सही येते, त्याच्या पुढचं नाही येत. म्हनून मी सांगून राहिली अन तो लिवून राहिला.

पारबताकाकू आमच्या नात्यातली नाही, जातीतलीबी नाही. माळ्याची बाई. अकोल्याहून अमरावतीले जाते त्या सडकेले लागून, बडनेऱ्याच्या अलीकडे, तिचं भाजीचं वावर होतं. ती सडकेच्या काठाले बाभयीखाली टोपले मांडून बसे. आमी वस्तीतले लोक. दीक्षा घेऊन दोन वर्स झाले होते, घरात नवीन फोटो लागला होता, पन गावातले काही जन अजून आमच्या हाताले हात लागू देत नसत. पारबताकाकू भाजी हातात दे. वरून फेकत नसे. एवढीच तिची-माही वयख. माह्याहून पाचसात वर्सानं मोठी असन.

कापसाचा हंगाम होता. आमचे हे बडनेऱ्याच्या जिनात कामाले जात, पायी, सडक सोडून काठाच्या कच्च्या वाटेनं. त्या सकायी ते पारबताकाकूपाशी थांबले, म्हने, "काकू, वांगे बांधून ठेवजा, येताना नेतो." अन दहा पावलं पुढं गेले. मांगून कापसाच्या गठानीचा ट्रक आला. सडकेवर एक बंडी चालली होती अन समोरून मोटर येत होती. डायवरनं थांबाव का नाही? नाही थांबला. बंडीले डाव्या अंगानं मांगं टाकाले त्यानं ट्रक सडकेखाली, पायवाटीवर उतरवला. भोंगा नाही, काही नाही. ह्यायले असा धक्का बसला का उडून सडकेच्या मधात जाऊन पडले. ट्रक परत वर चढला अन लांब जाऊन थांबला. समोरची मोटर न थांबता निंघून गेली. बंडीवाला आपले बिचकलेले बैल धरत होता, त्यानं काही पायलं नाही. पायलं ते एका पारबताकाकूनं.

मी धावत पोहोचली तवर ह्यायले बंडीत टाकून दवाखान्यात नेलं होतं. वाटेतच गेले. सडकेवर रगत होतं. माही सासू म्हने, "माह्या लेकाचं रगत लोकाच्या पायाखाली नको येऊ देऊ. धू." आमच्यात काय, कोनाच्यातबी तसंच करतात. मी बादली घेतली अन धुतलं. मंग बादली घेऊन काठाचं रगत धुवाले वयली, तं पारबताकाकूनं तेथी आपले सारे टोपले उपडे घालून ठेवले होते, एकामांग एक, अन सोता मधात फतकल मारून बसली होती.

मी म्हनलं, "बाजू व्हा."

"नाही होत."

"माहा मानूस गेला, अन तुमाले टोपल्याचं पडलं?"

"सडक धू, जिजे. तो तुहा हक्क आहे. इथं एक थेंब नाही टाकू देनार."

मी तिले नाही नाही ते बोलली. तिच्या लेकराबायाईवर गेली. तिनं सारं आयकून घेतलं अन जागची हालली नाही. मले वाटलं, भाजीवाली शेवटी भाजीवालीच... टोपले भिजतीन म्हनून भांडते. पन मेथी तं तिनं मांगं मातीत ओतून देल्ली होती, उन्हात सुकून राहिली होती. ते त्या येळी माह्या डोयाले दिसलंच नाही.

पोलिसाचा जमादार आला दुपारी. तवर ती उठली नाही, पानी पेली नाही. तो आला तवा तिनं एकएक टोपलं उचललं. तिच्या वावराच्या पाटाचं पानी तठी झिरपे, कायी माती सदा वली. त्या मातीत ट्रकाची चाकोरी, जशी भाकरीवर बोटं उमटावं तशी उमटली होती. नक्षीसकट. जमादारानं फीत लावली. सडकेच्या डांबरापासून चार हात खाली होतं चाक. दोन पंच होते, त्याईनं आंगठे लावले. मंग मले समजलं, मी कायच्यावर पानी टाकाले चालली होती.

तिले हे कोनी शिकवलं नव्हतं. आधी तिचा एक बैल मोटरीखाली आला होता. जमादार म्हने, मोटर कुठून गेली ते दाखव. तवर गावच्या ढोराईनं सारं तुडवून टाकलं होतं. बैल गेला, अन वरून तिलेच सांगतलं का बैल मोकाट होता. "तवा शिकली मी," म्हने. "बैलाले बोलता नाही आलं. मेल्या मानसालेबी नाही येत."

डायवरनं जबानी देल्ली का मानूस दारू पेलेला होता, झोकांड्या खात सडकेच्या मधात आला. मयत मधात पडलेला साऱ्याईनं पायला होता, रगत मीच मधातलं धुतलं होतं. लोकाईले पटलं. बाजारात मले आयकू येईन असं म्हनत. गौतम तवा नऊ महिन्याचा. डायवरले सजा होते का नाही, त्याचं मले काही नव्हतं. पन हा पोरगा शायेत जाईन तवा पोट्टे त्याले म्हनतीन, दारुड्याचा... तेवढंच डोक्यात फिरे. मी लोकाच्या वावरात कापूस वेचे, लेकरू पाठीले, अन तेच डोक्यात.

अमरावतीले सरकारी वकील होते, बुढे. त्याईनं मले बसवून सांगतलं, "बाई, मानूस मेला म्हनून डायवर गुन्हेगार ठरत नाही. गाडी जोरात होती म्हनूनबी नाही ठरत. त्यानं बेफिकिरीनं चालवली, अन त्याच बेफिकिरीनं मानूस मेला, हे दोन्ही दाखवा लागते." मी म्हनलं, साहेब, मी कुठून दाखवू? ते म्हने, "तुमी नका दाखवू. ती भाजीवाली टिकली तं दाखवन."

टिकली तं! तेथीच माहा जीव अडकला. कारन ट्रकमालकाचा मुनीम पारबताकाकूपाशी येऊ लागला होता. रोज सकायी येई अन सारं टोपलंच्या टोपलं घेऊन जाये. वस्तीत बोंब झाली, बाई फुटली म्हनून. तिच्या भावकीतले येगयेच टोमने मारत, "तुले काहून पडली वं त्याईची? तुही सोयरीक आहे काय वस्तीत?" मी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी गेली तिच्या म्होरं.

"काकू, तुमी फुटल्या म्हनतात."

"कोन म्हनते?"

"सारेच."

ती पालकाच्या जुड्या बांधत होती, मान वर केली नाही. "मी इथं भाजी इकाले बसतो. त्यानं भाजी मांगितली, मी देल्ली. डोये नाही मांगितले त्यानं. मांगितले असते तं तेबी सांगतलं असतं, का डोये इकाले नाही." अन मंग माह्याकडे पाहून, "तू जेवली काय? तोंड पाय कसं झालं... हे घे, कांद्याची पात आहे."

तारखा लय पडल्या. ती दरयेळी वावर सोडून आली, माह्यासंग मोटरीत बसून. तिच्या आधी चाच्या हॉटेलवाल्याची साक्ष झाली. त्यानं काही पायलं नव्हतं, त्याले लोकाईनं पढवलं होतं, म्हने ट्रक सत्तर मैलाच्या स्पीडनं आला. डायवरच्या वकीलानं ईचारलं, "तुम्ही घड्याळ पाहत होता? गाडीत बसला होता?" हॉटेलवाला तत-फफ करू लागला अन त्याची साक्ष तेथीच गेली. पारबताकाकूलेबी लोकाईनं सांगतलं होतं का सत्तर म्हनजो. ती उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला.

"ट्रक किती वेगात होता?"

"माहीत नाही. मैल मले समजत नाही."

वकील हासला. "मयत रस्त्याच्या मध्यभागी पडलेला होता ना?"

"हाव, पडला होता."

मी बाकावरून अर्धी उठली.

"म्हणजे तो मधातूनच चालत होता."

"वकीलसाहेब, आंबा जमिनीवर पडलेला दिसते, तं तो जमिनीलेच लागला होता काय?"

मॅजिस्ट्रेटसाहेबानं लिवता लिवता वर पायलं. वकील चिडला. "मग चाक कुठे होतं?"

"माह्या टोपल्याखाली. डांबरापासून चार हात. पंचाईसमोर मोजलं, कागद तुमच्याच हातात आहे."

"मयत दारू पिऊन होता!"

"सकायच्या पारी वांगे बांधून ठेव म्हनून सांगून गेला, साहेब. दारुड्याले संध्याकायच्या भाजीची फिकीर कुठून आली?"

कोर्टात लोक हासले. मी नाही हासली. माह्या डोयातून तवा पयल्यांदा पानी आलं, ते गेले त्या दिवसापासून पयल्यांदा.

निकाल लागला त्या दिवशी डायवरची बायकोबी कोर्टाच्या पायरीवर बसली होती, मांडीवर लेकरू. डायवरले सजा झाली. तिनं तोंडात पदर कोंबला. मले आनंद नाही झाला ते पाहून, खोटं काहून बोलू. मी वकीलसाहेबाले म्हनलं, साहेब, माह्या मानसाचं काय लिवलं, तेवढं वाचा. त्याईनं वाचलं, मयत हा सडकेच्या खाली पायवाटेनं जात होता, त्याचा काही दोष नव्हता. मी म्हनलं, परत वाचा. त्याईनं परत वाचलं. पारबताकाकू जवय उभी होती, तिनं ते तोंडातल्या तोंडात घोकून घेतलं. तिले वाचता येत नव्हतं ना, म्हनून.

अन ते तिनं जन्मभर सोडलं नाही. गौतम शायेत गेला, मंग सरकारी नोकरीले लागला, त्याचं लगन झालं. तो तिच्या घरी गेला का कोनीबी पाव्हना बसलेला असो, काकू सांगे, "हा जिजाचा पोरगा. ह्याचा बाप सडकेच्या खाली होता, त्याचा दोष नव्हता." नाव मांगून सांगे, हे पयलं. गौतम लाजे. मी लाजत नसे.

तेरवीले आमी दोघं गेलो. घर पाव्हन्याईनं भरलं होतं. काकूची जागा, दाराजवयची भिंत, तेथी तिची सून बसली होती. तिचं लगन झालं तवा कोर्टाचे कागद जुने होऊन गेले होते, तिनं आमच्या ह्यायले कधी पायलं नाही. आमी दारात पाय ठेवला, तशी ती उठली, माह्यासाठी सतरंजी अंथरली, अन सोयऱ्याईकडे वयून म्हने, "ह्या जिजाबाई, अन हे गौतमभाऊ. ह्यायचा बाप सडकेच्या खाली होता, त्याईचा दोष नव्हता."