पंपाचा आवाज

उत्तरेश्वरला गाडीचं दुखणं कानानं कळायचं. तेलगावात बीडच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज. गाडी रस्त्यावरून वळायच्या आत हा शेडमधून ओरडायचा, "बेल्ट सैल झालाय, मालक!" आणि बेल्ट सैलच असायचा. हायस्कूलमध्ये मी शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गात होता, अभ्यासात दगड. दहावीला आपटला, पुण्यात एका उस्तादाच्या हाताखाली शिकला आणि वर्षाराणीशी लग्न करून परत आला. पुढची वीस वर्षं आसपासचे सगळे ट्रॅक्टर, जीप, गाड्या याच्याच दारात.

यंदाच्या थंडीत माझी जुनी पेट्रोलची गाडी सकाळी नखरे करायला लागली. सेल्फ मारला की नुसती घरघरायची, दम खायची, पाच-सहा खेपांनी कशीबशी चालू व्हायची. मला असल्या गोष्टींसाठी थांबवत नाही. गाडी घेऊन थेट त्याच्याकडे गेले.

त्यानं बॅटरी बघितली, प्लग काढून पुसले. मग मागच्या सीटवर कान टेकवून म्हणाला, "बाई, नुसती चावी फिरवा. सेल्फ मारू नका."

असं केलं की मागच्या सीटखालून क्षणभर बारीक गुणगुण येते. तो पेट्रोलचा पंप. गुणगुण आली तर पेट्रोल चढतंय, दोष दुसरीकडे शोधायचा. नाही आली तर पंप गेला. हे मला त्यानंच कधीतरी शिकवलं होतं.

मी चावी फिरवली. गुणगुण आली.

"पंप गेला," उत्तरेश्वर म्हणाला.

"अरे, येतोय की आवाज."

"न्हाई येत."

"मला येतोय! माझं वय बघ आणि तुझं बघ."

"पुन्यांदा फिरवा."

फिरवली. पुन्हा आली. तो सीटवरून उठला आणि दारात उभ्या वर्षाराणीकडे बघायला लागला. तिनं मान खाली घातली. तिला आधीपासून ठाऊक होतं.

तेवढ्यात गावातलाच राधाकिशन आला. त्याचीही गाडी तिथंच उभी होती. "काय उत्तऱ्या, पंपाचा कारखाना काढला का बे? माझा बदलला, मेव्हण्याचा बदलला, तरी गाड्या हायत तिथंच!" आणि स्वतःच हसला. उत्तरेश्वर त्याच्या ओठांकडे बघत होता. त्या हंगामात त्यानं जी जी अडलेली गाडी ऐकली, तिचा पंप त्याला मेलेलाच वाटला होता.

मी त्याला अक्षरशः ओढून बीडला नेलं. कानाच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, बारीक आवाजांची नस संपली आहे, परत येणार नाही. सायलेन्सर काढलेले ट्रॅक्टर वर्षानुवर्षं कानाशी धडधडले, दुसरं काय होणार! कानाचं मशीन दिलं. त्या मशीनमधून हॉर्न, कॉम्प्रेसर, कुत्री सगळं डोक्यात शिरलं. पंप काही शिरला नाही. मशीन पान्यांच्या डब्यात जाऊन पडलं. माझ्या गाडीची अर्थिंगची वायर सडली होती. बीडच्या फिटरनं ती हातासरशी बदलली. ते मी उत्तरेश्वरला सांगितलं नाही, पण गावात त्याला कळलंच.

मला हातपाय गाळलेली माणसं बघवत नाहीत. म्हटलं, सीटवर तळवा ठेवून थरथर बघ. म्हणाला, "रस्त्यानं उसाचा ट्रक गेला तरी थरथरतंय, बाई." म्हटलं, गाडीचा दोष दाखवणारा स्कॅनर घे. म्हणाला, "माझ्याकडं येत्यात त्या गाड्यांना स्कॅनर लावायला जागाच न्हाई." म्हटलं, वर्षाराणीला ऐकू दे. तेही करून बघितलं, माझ्यासमोर.

"आला का?"

"आला."

"कसा?"

"गुणगुणल्यावानी."

"दमदार का दमलेला?"

"आवो, मला काय कळतंय दमलेला का काय!"

"मंग कशाला बसलीस तिथं?"

ती दार आपटून आत गेली. हा म्हणाला, "तिची चूक न्हाई, बाई. उस्तादानं मला सांगून न्हाई शिकवलं. आवाज ऐकवायचा आन् म्हणायचा, हा बिघडलेला. मी हिला काय ऐकवू?"



आता तो पंक्चर काढतो. ट्यूब पाण्यात दाबली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मागच्या आठवड्यात मी चाक घेऊन गेले होते, तेव्हा एक अनोळखी माणूस आला, चौसाळ्याहून परळीला चाललेला. गाडी बंद करायची त्याची छाती नव्हती, पुन्हा चालू होते की नाही कोण जाणे. चालू गाडीतूनच बोलला. उत्तरेश्वरनं सवयीनं बोनेट उघडलं, मान खाली घातली, इंजिनाच्या अगदी जवळ नेली. तसाच थांबला. मग बोनेट अलगद लावून टाकलं.

"काय म्हणतोय?" त्यानं बायकोला विचारलं.

वर्षाराणीनं त्याच्या तोंडासमोर येऊन ओरडून सांगितलं, "लई लांबून आलाय, तुमचं नाव ऐकून!"

"सांग त्याला," उत्तरेश्वर म्हणाला, "तो मिस्तरी आता इथं नसतो."

तिनं तसं सांगितलं. माणूस मला म्हणाला, "कुठं गेला हो?" मी हातानंच जा म्हटलं. गाडी निघून गेली. उत्तरेश्वर माझी ट्यूब पाण्यात फिरवत बसला.