दहावरचा दाणा

वडूजच्या बाजूला माळाच्या कडेला हरणाबाईचं घर. घर आपलं पावसाळ्यापुरतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पाटणच्या बाजूनं खाली कोकणात उतरायचं आणि उन्हाळा सरता सरता परत यायचं, हा शिरस्ता. वय अठ्ठावन्न. एवढ्या वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं असं नाही. मीठ कुठं ठेवलंय, हे कोकरू कुठल्या मेंढीचं, तवा कुणी नेला, हे सगळे तिलाच विचारत. तिच्या उत्तरानं काही बदलेल, असं मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

भादव्यात तिच्या डाव्या छातीत गाठ लागली. घरात त्या अवयवाचं नाव कुणी घेईना. ‘ते गाठीचं’ असं म्हणायचं आणि दाराबाहेर बघायचं. मुलगा विश्वजित साताऱ्यात कारखान्यात कामाला. त्यानं आईबापाला तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. कॅन्सर होता, पण लवकर सापडलेला.

डॉक्टर म्हणाले, “दोन वाटा आहेत. एक, पूर्ण छाती काढायची, मग शेक, म्हणजे रेडिएशन, बहुतेक लागणार नाही. दुसरी, गाठ तेवढी काढायची आणि नंतर पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून, रोज शेक घ्यायला यायचं. तुमच्या बाबतीत जीव वाचायची शक्यता दोन्हीकडं सारखीच. काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

“दोन्ही सारखंच हाय, तर इचारता कशाला?” हरणाबाईचा नवरा अर्जुना म्हणाला. त्याच्या मते ज्याला ठरवता येत नाही त्यानं पांढरा कोट घालूच नये. त्यानं स्वतः तिथल्या तिथं ठरवून टाकलं. “समदी काढा. मेंढरं निघायच्या आत मोकळं व्हायला पायजे. आणि ह्या वयात काय करायचीया तिला?”

विश्वजितनं मान हलवली. घरातल्या दोन माना हलल्या की हरणाबाईची आपोआप हलायची. तशी तीही हलली.

डॉक्टर हट्टी निघाले. त्यांनी सही घेतली नाही, तिघांना शेजारच्या खोलीत मायाकडं पाठवलं. पेशंटला समजावून सांगणं हीच मायाची नोकरी. तिच्याकडं चित्रांचं पुस्तक होतं. दोन्ही वाटांच्या पानांवर शंभर शंभर बायका काढलेल्या, त्यातल्या बऱ्या होणाऱ्या हिरव्या. अर्जुनाला वाचता येत नव्हतं, पण मोजणीत तो कुणाला हार जाणारा नव्हता. त्यानं मेंढरं मोजतात तशा विसाविसानं दोन्ही पानांवरच्या बायका मोजल्या. “पाच इसा हायत. हिरव्या दोनीकडं तेवढ्याच. डाक्टर खोटं बोलंना,” तो जरा नाराजीनंच म्हणाला.

मग मायानं टेबलावर दोन कागदी पट्ट्या मांडल्या. डावीकडं शून्य, उजवीकडं दहा. “मावशी, ही पट्टी छाती वाचवण्याची आणि ही उपचार लवकर संपण्याची. जे तुम्हाला जितकं महत्त्वाचं, तितक्यावर दाणा ठेवा.” ठेवायला आधी प्लॅस्टिकची बटणं होती. ती हरवली, म्हणून मायानं घरून मूठभर शाळू आणला होता.

हरणाबाईनं अर्जुनाकडं बघितलं. लवकर संपण्याला दहा दिले आणि छातीला शून्य.

“झालं,” अर्जुना म्हणाला आणि लेकाला घेऊन तंबाखू खायला बाहेर गेला.

दार लागलं. हरणाबाई त्या शून्यावरच्या दाण्याकडं बघत बसली. तिच्या डोळ्यांपुढं कोकणातला मुक्काम आला. तिथं आंघोळ उघड्यावर, साडीच्या आडोशाला, आणि पाठ चोळायला दोन जावा. त्यांची नजर कुठं जाईल आणि त्या काहीच न बोलता पाणी कशा ओततील, हे तिला आत्ताच दिसत होतं. तिला मरणाची भीती वाटत होती, आणि ह्याचीही तेवढीच वाटत होती. हे सांगायचं कुणाला?

तिनं एका बोटानं छातीचा दाणा सरकवत नेला. पाचावर थांबली, दाराकडं बघितलं आणि पार दहापर्यंत नेला. लवकर संपण्याचा दाणा दोनावर आणून ठेवला. माया नुसती बघत राहिली. मध्ये न बोलणं हा तिच्या नोकरीचाच भाग होता.

अर्जुना लेकाला घेऊन आत आला, टेबलाकडं बघितलं आणि त्यानं चपला काढल्या.

त्यांच्याकडं अडलेल्या कामाला बिरोबाचा कौल लावतात. देवाला दाणे चिकटवायचे, उजवा पडला की होकार. त्यावर पुन्हा वाद नाही. “उजवीकडं गेला,” अर्जुना हात जोडून म्हणाला. “काढायचं देवाच्याच मनात न्हाई, तर मी कोण? ऱ्हाऊ द्या छाती.”

माया समोरचा कागद भरत होती. त्यात एक रकाना होता, निर्णय कुणाचा: पेशंटचा, घरच्यांचा की डॉक्टरांचा. पेन तिथं अडलं.

“देवाचा ल्हिवा,” अर्जुना म्हणाला.

हरणाबाई गप्प बसली असती तर काम झालंच होतं. बिरोबाशी अर्जुनानं जन्मात हुज्जत घातली नव्हती. पण तिला एकदम राग आला. इतक्या वर्षांत स्वतःचं म्हणून एक काम केलं, तेही देवानं न्यावं?

“माझा ल्हिवा,” ती म्हणाली. “आवं, देवानं न्हाई, म्या सरकवला दाणा. मला ती पायजे.”

विश्वजित जमिनीकडं बघू लागला. अर्जुनानं चपला परत घातल्या. त्याला बराच वेळ लागला.

“मग आदी का बोलली न्हाईस?”

“तुमी इचारलं न्हाई.”

मायानं ‘पेशंटचा’ वर खूण केली. अर्जुनानं मान वाकवून ती कुठं केली ते बघून घेतलं.

विश्वजित कामावर गेला. दोघं एसटी स्टँडवर आली. तिथं चहाच्या गाड्यावर अर्जुना दरवेळी दोन बोटं दाखवी आणि दोन चहा येत. आज बोटं वर झाली आणि तशीच राहिली. तो मागं वळला.

“काय घेतीस?” त्यानं अवघडून विचारलं.

हरणाबाई बाकावर नीट मांडी घालून बसली.

“काय काय हाय त्ये आदी सांगा,” ती म्हणाली.