चंदेरी भिंत

थंडीच्या दिवसांत पोलिओचा डोस पाजायला मी आहुप्याला गेले होते. एका घरात शिरले आणि थबकलेच. चुलीजवळची कारवीच्या काड्यांची भिंत चांदीसारखी चमकत होती. घरातल्या बाईचा आळेफाट्याच्या हॉटेलात कामाला असलेला नवरा चहाच्या पुड्यांचे चंदेरी कागद आणायचा, ते तिने खळीने चिकटवले होते.

भिंतीवरून तळवा फिरवत ती म्हणाली, "चुलीची ऊब आता भाईर जात न्हाई, ताई. माघारी फिरती."

"कुणी सुचवलं?"

"कुनी न्हाई. मागल्या थंडीत थोरला हितंच गारठून गेला. तवापास्नं भिंतीकडंच बघत व्हते."

मी डोसची बाटली काढली. तिने मांडीवरच्या तान्ह्याचं तोंड डोससाठी उघडलं. त्याच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब होते. तिने ते पुसले नाहीत; मला दाखवले.