कळपातला परका हंस

उंब्रजच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि सुट्टीला दुर्बीण घेऊन तळी पालथी घालतो. बायकोला या नादाचा कंटाळा. त्या रविवारी ती सोबत होती, कारण माण तालुक्यातल्या तिच्या माहेरी निघालो होतो आणि वाटेवरच एक तलाव होता.

पलीकडच्या काठाला हरभऱ्याच्या रानालगत पट्टकदंब चरत होते. हिमालयापलीकडून येणारे हे हंस आमच्याकडं दर हिवाळ्यात दिसतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, त्यामुळं ओळखायला सोपे. मी मोजून आकडा वहीत लिहायला घेतला आणि दुर्बीण तिच्याकडं दिली. ती बराच वेळ बघत राहिली.

"आवं, त्यातला एक त्यांच्यातला न्हाई."

पिल्लू असेल, मी मान वर न करता म्हणालो. पिल्लांना पट्टे नसतात, हेही समजावलं. तिला ते पटलं नाही. लग्नाआधी ती घरची शेरडं राखायची. कळपात दुसऱ्याचं शेरडू शिरलं की चालीवरनंच कळतं, म्हणाली, आणि दुर्बीण माझ्या हातात कोंबली.

"कपाळाला पांढरं हाय. पोटावर काळं ओरखडं हायत. बघा तरी."

बघितलं. गुलाबी चोच, नारिंगी पाय, चोचीलगत पांढरं कपाळ. पांढऱ्या कपाळाचा हंस, पार सायबेरियाकडचा! पुस्तकातल्या नकाशात आमच्या जिल्ह्याच्या आसपासही त्याचा रंग नव्हता.

फोटो काढून तासगावच्या मित्राला पाठवले. तो द्राक्षबागायतदार, पण पक्ष्यांसाठी माझ्याइतकाच वेडा. बागेत काढणी चालू होती, तरी माणसांवर काम सोपवून तो तसाच मोटारसायकलवर निघाला. तो येईपर्यंत आम्ही दोघं गाडीच्या आडोशाला बसून राहिलो. मी सारखा विचारायचो, दिसतोय ना? दुर्बीण आता तिच्याकडंच होती.

मित्र आला तो हेल्मेटसकट काठाकडं धावला. हंस जागेवरच होता. त्यानं डोळे भरून बघितलं आणि मला मिठी मारली. मी त्याला सांगितलं की हा पक्षी हिनं शोधलाय. त्यानं तिला चक्क वाकून नमस्कार केला, तशी ती लाजली.

माहेरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वाढलेलं ताट तसंच ठेवून ती भावाला स्वतःच्या कपाळावर बोट फिरवून दाखवत होती, पांढरं कुठवर होतं ते.