उलटलेली नदी

भिगवणला मासळी विकणारे चाचा आणि माझे वडील रोज दुपारी मिळून शब्दकोडं सोडवायचे. उत्तर सापडलं की ते कसं जुळलं, हे चाचा समोरच्या गिऱ्हाइकालाही समजावून सांगत. पक्षाघातानं वडिलांची वाचा गेली, तरी चाचा पेपर घेऊन घरी येत राहिले.

एकदा त्यांनी वाचलं, "आबा, नदी उलटली की गरीब. दोन अक्षरं."

मी उत्तर सांगणार, तोच म्हणाले, "थांब पोरी, घाई न्हाय."

बऱ्याच वेळानं वडिलांचे ओठ हलले. "दी...न."

तीन महिन्यांतला त्यांचा पहिला शब्द. चाचांनी सवयीनं मला समजावलंच, "नदी उलटी वाच. दीन. म्हंजे गरीब." मग डोळे पुसत म्हणाले, "आबा, पुढचं अवघड हाय हां."